कोयतेवालीचा सीन

अनिल विशेनं पिक्चर काढायचं ठरवलं त्या दिवसापासून त्याच्या बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं. शहापूरजवळ हायवेला लागून त्यांची भाताची जमीन होती. त्यातला आपला वाटा अनिलनं विकला आणि तो पैसा घरात न आणता थेट मुंबईच्या एका दिग्दर्शकाच्या हवाली केला. खरं तर त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा बरा चालला होता. पण दरवर्षी गावच्या नाटकात नायकाचं काम करून त्याच्या मनानं घेतलं होतं, की आपण काही लोकांची लग्नं सजवायला जन्माला आलेलो नाही. तो देखणा होता, उंच होता, आणि हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

पिक्चरचं नाव 'नवरदेव उतरला आटगावला'. मुंबईचा एक मुलगा स्वतःच्याच लग्नाला निघतो, झोपेत भलत्याच स्टेशनवर उतरतो आणि आटगावच्या एका मास्तरणीच्या प्रेमात पडतो. नायक अनिल स्वतः. नायिका डोंबिवलीची प्रियांका. २००३ सालच्या दिवाळीनंतर शूटिंग सुरू झालं. प्रेमाचे प्रसंग भातसानगरला धरणाच्या बाजूला घेतले. वरातीचं गाणं मात्र दिग्दर्शकाला मागं सिद्धगड दिसेल असंच हवं होतं, म्हणून सगळं लटांबर मुरबाड तालुक्यातल्या आंबेखोर गावात आलं.

गावानं पिक्चरवाल्यांना देऊळ दिलं, शाळेचं पटांगण दिलं, वरातीत नाचायला माणसं दिली. ओढ्यापलीकडं जी वाडी होती, तिला मात्र कोणी काही विचारलं नाही. वाडीतल्या लोकांच्या नावावर जमीन नव्हती. पावसाळ्यात गावच्या शेतावर मजुरी आणि उन्हाळ्यापर्यंत वीटभट्टी, असं त्यांचं चालायचं. देवकी तिथलीच. नवरा म्हादू, नजर अधू झालेली सासू सकुबाई आणि निवासी शाळेत शिकणारी मुलगी आरती, एवढं तिचं घर. देवकी तोंडाची तिखट होती. गावातली मोठी माणसंसुद्धा तिला आवाज चढवून बोलताना दोनदा विचार करत.

गाण्याच्या दिवशी जनरेटरचा टेम्पो वाडीच्या अंगानं मागं घेताना ड्रायव्हरचा अंदाज चुकला. टेम्पो देवकीच्या घरावर गेला. कारवीच्या काड्यांची, वरून शेणमातीनं लिंपलेली भिंत, कुड म्हणतात तिला. ती टेम्पोपुढं काय टिकणार? कुड आडवा झाला आणि छपराची एक बाजू त्यावर बसली. कुडाला बांधलेली गाभण शेळी खाली चिरडली गेली. सकुबाई आत होती. छपराचं लाकूड भाताच्या कणगीवर अडकलं म्हणून ती वाचली, आणि धुळीत बसून सुनेच्या नावानं ओरडत राहिली.

देवकी रानातून मोळी घेऊन येत होती. तिनं आधी सासूचा आवाज ऐकला, मग शेळी पाहिली. ड्रायव्हर पळून गेला होता. समोर फेटा आणि मुंडावळ्या बांधलेला अनिल उभा होता. तो घाबरला होता, आणि घाबरला की त्याला हसू यायचं.

"काय नाय झालं गो बाय," तो हसत म्हणाला. "म्हातारी धड हाय ना? मग काय नाय झालं."

देवकीनं मोळी फेकली. कोयता हातातच होता.

अनिल धोतर सावरत पळाला. बांधावरून, गोठ्याच्या मागनं, वरातीच्या घोड्याला वळसा घालून पळाला. देवकी तोंडाला येईल ते बोलत त्याच्या मागं. शेवटी उकिरड्याच्या खड्ड्यात तो तोंडावर पडला. देवकी खड्ड्याच्या काठाशी पोचली, आणि तिथं तिचं अवसान गेलं. कोयता हातातून सुटला. ती मातीत बसली आणि मोठ्यानं रडायला लागली.

गाण्यासाठी कॅमेरा तयार होताच. दिग्दर्शक कॅमेरावाल्याला एवढंच म्हणाला होता, "बंद करू नकोस."

संध्याकाळी पिक्चरच्या मॅनेजरनं म्हादूच्या हातात काही नोटा कोंबल्या आणि मंडळी निघून गेली. म्हादूनं त्या घेतल्या. देवकी त्याच्यावर उखडली.

"तू घेतलेस, मी नाय घेतले," ती म्हणाली. "आता कुड तू उभा करावाचा नाय. ज्यानं पाडलाय त्योच उभा करील."

"येडी झालीस काय? त्यो शहापूरचा शेठ. त्यो येतोय तुझा कुड लिंपाया?"

"नाय आला तर नाय. तसंच राहूं दे."

म्हादूला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. तो उतरला नाही. छपराला त्यानं टेकू दिला, पण कुडाच्या जागी ताडपत्री लागली आणि ताडपत्रीच राहिली. भट्टीवरून परत आल्यावर त्यानं एकदा गुपचूप कारवी तोडून आणली, तर देवकीनं ती चुलीत घातली. त्या पावसाळ्यात ओल आत शिरली, सकुबाईचा खोकला वाढला. वाडीतले लोक देवकीलाच नावं ठेवायला लागले. म्हादू तिच्याशी कामापुरतं बोलायचा. तिनं कोणाचंही ऐकलं नाही.

इकडं पिक्चर तयार झाला होता. एप्रिल महिन्यात तो दोनच थिएटरांत लागला, एक शहापूरचं आणि एक मुरबाडच्या बाजारपेठेमागचं, पत्र्याचं. कल्याणच्या थिएटरवाल्यांनी पोस्टर बघूनच नाही म्हटलं होतं. अनिलनं मुरबाडच्या थिएटरला स्वतःचा मंडप लावला, झेंडूच्या माळा सोडल्या, गेटवर सनईवाला बसवला.

पहिल्या खेळाला आंबेखोरची माणसं ट्रकनं आली. सगळ्यांना आपण पडद्यावर कसे दिसतो ते बघायचं होतं. दोन दिवस उन्हात नाचली होती ती. वरातीचं गाणं आलं, आणि त्यात नुसते पाय दिसले. लांबून काही डोकी दिसली, ती कोणाची ते कोणाला ओळखता येईना.

"आमचे पाय दाखवाया बोलावलावतास काय रे?" मागनं कोणीतरी ओरडलं.

त्यात पिक्चरमधला सरपंच नुसता बावळट दाखवला होता. तो टीव्हीतल्या बाईला नमस्कार करतो, नायकाच्या मोबाइलवर मीठ टाकतो. आंबेखोरचे सरपंच सावळाराम बांगर पुढच्या रांगेत बसले होते. ते उठून उभे राहिले, अनिलकडं बघत थुंकले आणि चालते झाले. मग शिट्ट्या सुरू झाल्या. धरणाच्या काठावर अनिल प्रियांकाचा हात हातात घेऊन मनातलं बोलू लागला, ते बोलणं त्यानं स्वतः लिहिलं होतं, आणि पत्र्याच्या भिंतीवर लोक हातांनी बडवत होते.

तेवढ्यात तो सीन आला. कोयता घेऊन धावणारी देवकी आणि पुढं पळणारा अनिल. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. हसून हसून माणसं खुर्च्यांवरून घसरली. "पुन्हा! पुन्हा!" असा गलका झाला तो थांबेना, तेव्हा ऑपरेटरनं खेळ थांबवून ते रीळ परत लावलं. सीन परत झाला, आणि निम्मी माणसं उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून थिएटर ओस पडलं. शहापुरात तर आठवडाही निघाला नाही. तिथल्या मॅनेजरनं अनिलला गेटवरच गाठलं.

"अनिलशेठ, राग नका मानू. तिकिटाच्या खिडकीवर लोक विचारतात, कोयतेवाली कधी येते? तेवढं बघतात न् उठतात. उद्यापासून मी जुना मारामारीचा पिक्चर लावतोय."

"पिक्चर माझा हाय, कोयतेवालीचा नाय," अनिल म्हणाला.

"तेच म्हणतो ना. तुमचा पिक्चर बघाया कोण येत नाय."

ही बातमी अनिलच्या आधी त्याच्या बापापर्यंत पोचली. बाप ओटीवर बसला होता. अनिल आत येताना त्यानं फक्त पाय जवळ ओढून घेतले, पोराचा स्पर्श होऊ नये तसे.

अनिलला तो पिक्चर डोळ्यांपुढं नको झाला. मुंबईच्या एका सीडी कंपनीनं विचारलं, तेव्हा त्यानं सगळे हक्क कायमचे विकून टाकले, आणि जे मिळालं ते कॅमेरावाले, जेवणवाले, घोडेवाले यांच्यात वाटून संपलं. आता हे नाव परत ऐकायचं नाही, असं ठरवून तो लग्नांचे मंडप बांधायला लागला.

कंपनीच्या माणसानं पिक्चर एकदाच पाहिला. पण जे पाहायचं ते त्यानं बरोबर पाहिलं. गौरी-गणपतीच्या तोंडावर सीडी बाजारात आली. कव्हरवर देवकी, कोयता वर उगारलेला, तोंड उघडं. तिच्या पायांशी बोटाएवढा अनिल. प्रियांका कुठंच नव्हती. पिक्चरचं खरं नाव खाली बारीक अक्षरात, आणि वर आडवं, लालभडक: 'कोयतेवाली'.

थिएटरात जो पिक्चर आठवडाभर टिकला नाही, तो आता घराघरांत शिरला. गणपतीच्या जागरणाला तो लागला, साखरपुड्याला लागला, ट्रॅक्स जीपच्या स्टँडवर लागला, धरणाच्या कॉलनीत लागला. एका सीडीच्या दहा नकला निघाल्या. बाकीचा पिक्चर कोणी बघत नव्हतं. पोरं रिमोट दाबून थेट तिथंच जायची. अनिल मंडपाचे बांबू उतरवून घ्यायला कुठं गेला, की कोणीतरी ओरडायचंच, "पळ रे, आली!" आणि त्यानं पळून दाखवावं म्हणून लोक वाट बघत उभे राहायचे. तो लाखो रुपये कमावून बसलाय, असंही सगळ्यांना वाटत होतं. उधारीवर कोणी त्याला बांबू देईना.

देवकीच्या घरात टीव्ही नव्हता. वाडीतही नव्हता. तिच्या तोंडाच्या भीतीनं गावातल्या कोणी तिला त्या सीनबद्दल सांगितलंही नव्हतं. ती रानभाज्यांचा भारा घेऊन मुरबाडच्या बाजाराला बसायची. एका बाजारात दोन अनोळखी बायका तिच्यासमोर थांबल्या, एकमेकींना कोपरानं ढोसून हसल्या आणि भाजी न घेताच गेल्या. मग एक पोरगा ओरडला, "ए कोयतेवाली!" तिला वाटलं, कमरेचा कोयता बघून म्हणतोय. उठताना तिला समोरच्या दुकानावर स्वतःचं तोंड दिसलं.

दुकान ज्ञानेश्वर घुडेचं होतं, वैष्णवी सीडी सेंटर. मुलीच्या नावानं काढलेलं. दुकानाच्या तोंडाशी त्यानं मोठा टीव्ही लावला होता आणि त्यावर दिवसभर तोच सीन फिरत होता. देवकी गर्दीच्या मागं उभी राहिली आणि तिनं पाहिलं.

त्यात घर नव्हतं. शेळी नव्हती. एक बाई उगाच कुठूनतरी कोयता घेऊन धावत येत होती. मागं ढोलकी वाजत होती, आणि तिचं प्रत्येक पाऊल पडलं की कसला तरी फुसफुस आवाज येत होता. तोंड तिचं, पण आवाज तिचा नव्हता. कुठल्यातरी चिरक्या आवाजाची बाई म्हणत होती, "माझ्या भाचीला फसवतोस, मेल्या? थांब, तुझी वरात मीच काढते!" अनिल उकिरड्यात पडला, आणि लगेच प्रियांका खिदळताना दिसली. देवकी त्यानंतर मातीत बसून रडली होती. ते काढून टाकलं होतं.

तिनं गर्दी बाजूला सारली. "बंद कर ते," ती ज्ञानेश्वरला म्हणाली.

ज्ञानेश्वरनं तिला ओळखलं आणि त्याचा चेहरा फुलला. "अरे, या या! बसाया द्या रे हिला. बाय, तुझ्यावर तर दुकान चाललंय माझं. ही घे, एक सीडी फुकट तुला."

देवकीनं सीडी त्याच्या तोंडावर फेकली. गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

दिवाळीच्या सुट्टीला आरती घरी आली, ती आल्यापासून गप्प होती. शाळा सुरू व्हायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, मी जाणार नाय.

"का गो?"

"पोरी माझ्या मागं मागं चालतात. तोंडानं ते वाजवतात. ढोलकी." आरती खाली बघत होती. "आये, तू पैसं घेऊन केलंस काय ते? सगळ्या सांगतात, तू पैसं घेतलंस न् नाचलीस."

देवकीनं म्हादूकडं पाहिलं. म्हादू उठून बाहेर गेला.

पुढच्या बाजाराला देवकी भाजी न घेताच मुरबाडला गेली. वैष्णवी सीडी सेंटरसमोर आधीच भांडण चालू होतं. अनिल ज्ञानेश्वरच्या अंगावर धावून गेला होता. त्या आठवड्यात एका लग्नघरानं त्याला सांगितलं होतं, की मंडप लावायला माणसं पाठव, पण तू येऊ नकोस, पाहुणे हसतात.

"ते पोस्टर काढ. माझा फोटो हाय त्यावर," अनिल ओरडत होता.

"पिक्चर तूच काढलास ना? का मी काढला?" ज्ञानेश्वर शांतपणे म्हणाला. "कंपनीकडून रोख घेतलाय माल. त्यांच्याशी भांड."

तेवढ्यात कोणीतरी देवकीला पाहिलं. "आली! आली! कोयतेवाली आली!" बाजार लोटला. लोकांनी दोघांभोवती रिंगण धरलं. भाजीवाले पाट्या सोडून आले, पोरं ओट्यांवर चढली. पडद्यावरचे दोघे समोरासमोर उभे होते, आणि लोकांना तेच हवं होतं.

"धर त्याला, बाय! सोडू नको!"

"पळ रे नवरदेवा!"

अनिलनं आवाज खाली आणला. "नको गो. इथं नको. चल, बाजूला बोलू."

"इथंच बोल," देवकी म्हणाली. "सांग यांना, मी का धावली. सांग, माझं घर कोणी पाडलं."

अनिल गर्दीतून वाट शोधू लागला. मग देवकीच बोलली. कुड कसा पडला ते सांगितलं, सासू आत होती ते सांगितलं, शेळीच्या पोटात पिल्लं होती ते सांगितलं. लोक हसत होते. शेळी म्हटलं तेव्हा जास्तच हसले. ती जितकी चिडून बोलत होती, तितकं त्यांना ते पडद्यावरच्यासारखं वाटत होतं. मागं टीव्हीवर ढोलकी चालूच होती.

देवकी बोलायची थांबली. दुकानाचं दार अडवायला एक दगड ठेवलेला होता. तो तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि टीव्हीवर घातला.

काच फुटल्याच्या आवाजासरशी हसणं बंद झालं. ज्ञानेश्वर किंचाळला. कोणीतरी पोलिसांना बोलवायला पळालं, पण देवकी हलली नाही. अनिललाही जाता आलं नाही. गर्दीनं वाट दिली नाही.

पोलिसांनी तिघांनाही चौकीत नेलं. तिथं नवीन आलेले फौजदार बसले होते. नांदेडकडचे होते, येऊन महिना झाला नव्हता, आणि त्यांनी पिक्चर पाहिलेला नव्हता. ज्ञानेश्वरनं तक्रार सांगितली: या बाईनं दुकानात घुसून टीव्ही फोडला.

"का फोडला?" फौजदारांनी विचारलं.

"तिचा सीन चालू होता, साहेब. कॉमेडी सीन."

"सीनमध्ये काय आहे?"

ज्ञानेश्वरनं सांगितलं. सांगताना त्याला हसू येत होतं. फौजदार हसले नाहीत.

"ही बाई नटी आहे का?"

"नाय साहेब, मोलमजुरी करते."

"मग ती पिक्चरमध्ये कोयता घेऊन का धावते?"

फौजदारांनी अनिलकडं पाहिलं. अनिलनं एकदा दाराकडं बघितलं. बाहेर लोक खिडकीला लोंबकळत होते, तो बाहेर आला की परत ओरडणार होते. त्याच्या मनात देवकीबद्दल दया नव्हती. हा सीन एकदाचा बंद व्हावा, एवढंच त्याला हवं होतं.

"साहेब, ते ॲक्टिंग नाय," तो म्हणाला. "खरं भांडण होतं. आमच्या टेम्पोनं हिचं घर पाडलं होतं. शेळी मेली. हिला न विचारता शूट केलं न् पिक्चरमध्ये घातलं. मंग हा पिक्चर बंद करावाच पायजे ना?"

"घरात माणूस होतं?"

"म्हातारी होती."

"पोलिसांत कळवलंत तेव्हा?"

अनिल भिंतीला टेकला. आपण काय बोलून बसलो ते त्याला आता कळलं.

फौजदार देवकीकडं वळले. "बाई, हा म्हणतो ते खरं आहे?"

"खरं हाय."

"मग तुमची तक्रार द्या याच्यावर. टीव्हीचं नंतर बघू."

देवकीनं तक्रार दिली. तिच्या आवाजात कुठंच चिडचिड नव्हती, ती एकेक गोष्ट सांगत गेली आणि हवालदार लिहीत गेला. कोणी मध्ये हसलं नाही. अनिल भिंतीला टेकून उभा होता. तक्रार लिहून झाली तेव्हा त्यानं फौजदारांना विनवलं, की आपसात मिटवू, मी भरपाई देतो, ज्ञानेश्वरचा टीव्हीही देतो. ज्ञानेश्वर लगेच तयार झाला.

"तुम्हाला काय पाहिजे?" फौजदारांनी देवकीला विचारलं.

"ह्यानं येऊन माझा कुड उभा करावा. स्वताच्या हातानं. माणसं लावून नाय."

"मी मंडपवाला हाय, बाय," अनिल म्हणाला. "माझी धा माणसं पाठवतो. सिमेंटची भिंत बांधून देतो."

"सिमेंट नको. कुड. न् तू."

"नाय आलो तर?"

"तर हा कागद आहे," फौजदार म्हणाले.

अनिल आला. मोटारसायकलवर एकटाच, जुनी पँट घालून. वाडीतली माणसं घरं सोडून बघायला आली, ओढा ओलांडून गावातलीही आली. म्हादूनं कारवी तोडून ठेवली होती. ती आडवी-उभी कशी विणायची ते त्यानं एकदा दाखवलं आणि बाजूला झाला. अनिलनं आयुष्यभर माणसांकडून बांबू बांधून घेतले होते, स्वतः कधी गाठ मारली नव्हती. त्याच्या हातात काड्या मोडत होत्या. दुपारपर्यंत हाताला फोड आले.

गर्दीतून कोणीतरी तोंडानं ढोलकी वाजवायला लागलं. अनिलनं चिखलाचा गोळा उचलला आणि त्या दिशेला मारला. "तुझ्या आयला तुझ्या! हो बाजूला!" गोळा सावळाराम बांगरांच्या सदऱ्यावर बसला. सरपंच पुन्हा एकदा थुंकले आणि निघून गेले. त्यांच्यामागं गावातली माणसंही पांगली. वाडीतली मात्र बसून राहिली.

शेण आणि माती कालवताना अनिल देवकीकडं न बघता म्हणाला, "माझंपण सगळं गेलंय, बाय. शेत विकलं मी त्या पिक्चरसाठी. बाप बोलत नाय माझ्याशी. पोरं रस्त्यात हसतात."

"तुझं शेत तू विकलंस," देवकी म्हणाली. "माझं घर मी विकलं नवतं."

अनिल पुन्हा चिखल कालवायला लागला.

सकुबाई ताडपत्रीच्या आतून चाचपडत पुढं आली. ओल्या मातीवर तिनं तळहात फिरवला. "कोण लिंपतोय रं?" तिनं विचारलं.

"शहापूरचा हाय," म्हादू म्हणाला.

"हात बरा नाय ह्याचा," सकुबाई म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. देवकीनं कुडाची एक बाजू नखानं टोकरली. माती गळून पडली. तिनं तिकडं बोट दाखवलं. अनिलनं ती बाजू पुन्हा लिंपली. तिनं त्याला पाणी विचारलं नाही, त्यानंही मागितलं नाही. ओढ्यावर हात धुऊन तो गाडीवर बसला.

ज्ञानेश्वरला नवीन टीव्ही मिळाला. त्यानं त्यावर तो सीन परत लावला नाही. फौजदारांनी त्याला तशी समज दिली होती. सीडी मात्र आतल्या कपाटातून विकत राहिला. कंपनीनं पुढच्या वर्षी दोन दुसरे पिक्चर जोडून एकाच पाकिटात तीन असा माल काढला. त्यात कव्हरवर कोणी दुसरीच बाई होती. हळूहळू लोकांना हसायला दुसरं काही मिळालं. अनिल पुढं मंडपाचा धंदा भावाला देऊन नाशिकला गेला. जाताना बापाला सांगून गेला, बाप बोलला नाही.

म्हादू आणि देवकी पूर्वीसारखे बोलायला लागले, पण त्या नोटांचा विषय निघाला की देवकी अजून त्याला सोडत नाही.

कुड उभा राहिला तेव्हाच आरतीला तिनं स्वतः शाळेत नेऊन सोडलं होतं. पंधरवड्यानं शाळेच्या बाईंचा निरोप आला, की मुलीला घेऊन जा, तिनं एका मुलीचं नाक फोडलंय. देवकी गेली. बाई रागानं लाल झाल्या होत्या. आरती कोपऱ्यात उभी होती.

"काय केलंस?" देवकीनं विचारलं.

"ती ढोलकी वाजवत होती. मी सांगितलं तिला, आमचं घर पाडलंवतं म्हणून. तरी वाजवत होती."

"न् बाकीच्या?"

"बाकीच्या गप झाल्या."

बाई म्हणाल्या, असल्या वागण्याची शिक्षा झालीच पाहिजे. देवकी म्हणाली, "द्या शिक्षा. पण हिनं का मारलं ते आधी त्या पोरीला इचारा, न् सगळ्यांसमोर इचारा." आणि बाई तसं करेपर्यंत ती दाराशी बसून राहिली.